जुन्या घराची वाकडी जमीन आणि पाचशे किलोची फिशटँक

"जमीन लेव्हलला नाही, टाकी कशी ठेवू?" ह्या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर आहे: खाली जाडसा थर्माकोल टाक, सगळं ॲडजस्ट होतं. टेबलावरच्या काचेच्या बाऊलपुरतं ते ठीक आहे. चार फुटी टाकीला चालत नाही, कारण "लेव्हलला नाही" ह्या एका तक्रारीत दोन वेगळे दोष दडलेले असतात आणि थर्माकोल त्यांपैकी एकही दुरुस्त करत नाही.

पहिला दोष उताराचा. जमीन सपाट आहे, पण सगळी मिळून एका अंगाला कललेली आहे. दुसरा पिळाचा. चार कोपऱ्यांपैकी तीन एका पातळीत बसतात आणि चौथा त्या पातळीच्या वर किंवा खाली राहतो. उतार लगेच डोळ्यांत भरतो, कारण पाण्याची रेघ काचेच्या कडेला समांतर राहत नाही, त्यामुळे लोक त्यालाच घाबरतात. पीळ डोळ्यांना दिसत नाही. काच मात्र बहुतेक वेळा तोच फोडतो.

जुन्या घरांत दोन्ही दोष असतात आणि त्यांना कारणंही असतात. पुण्याच्या वाड्यात वरच्या मजल्याची जमीन म्हणजे कडीपाट. भिंतीत रोवलेल्या तुळया, त्यांवर कड्या म्हणजे बारीक तुळया, कड्यांवर फळ्या, वर मातीचा किंवा चुन्याचा थर आणि त्यावर शहाबादी नाहीतर पुढे कधीतरी बसवलेली लादी. लाकूड वर्षानुवर्षं भार घेत मधोमध खचतं, म्हणून खोलीचा मध्य खाली आणि भिंतीकडच्या कडा वर. गिरगाव-लालबागकडच्या जुन्या इमारतींत आणखी एक भानगड असते. दुरुस्तीच्या वेळी एखादी कुजलेली तुळई काढून तिथे लोखंडी बीम घातलेला असतो. लोखंडाची बाजू जागच्या जागी राहते, शेजारची लाकडी बाजू खचत जाते, आणि एकाच खोलीत जमिनीला पीळ बसतो. त्यात मोरीकडे मुद्दाम दिलेला ढाळ वेगळाच. हा दोष नाही, गवंड्याने इमानदारीने केलेलं काम आहे. पण नेमकी मोरीलगतची भिंत रिकामी असते आणि टाकी तिथेच जाते.

तळमजला असला की लोक निर्धास्त होतात. बऱ्याच अंशी बरोबरही आहे, खाली जमीनच आहे. तरी जुन्या तळमजल्यावर घुशींचा विसर पडू देऊ नये. त्या फरशीखालची माती पोखरतात, वरून काही कळत नाही, आणि भार आला की एखादी फरशी एका कोपऱ्यावर बसते. टाकीच्या जागेवरची प्रत्येक फरशी बोटाच्या पेराने ठोकून बघा. बद्द आवाज आला की खाली पोकळ आहे. ती फरशी उचलून खालची माती धुमसून, नीट भरून पुन्हा बसवणं हे पहिलं काम, बाकीचं नंतर.

आता वजन. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच टाकी म्हणजे १२ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर पाणी मावतं, म्हणजे काठोकाठ ३४० लिटर. वरची दोन इंच जागा आणि वाळूने अडवलेली जागा वजा केली तर साधारण २९० लिटर, तितकेच किलो. दोन इंच वाळू आणि थोडे दगड मिळून ५० किलो. बारा मिमी काच चौरस मीटरला ३० किलो भरते, त्या हिशोबाने टाकी ७५-८० किलोची. लोखंडी अँगलचा स्टँड आणखी ४०-५०. बेरीज पाचशेच्या जवळ जाते, आणि ती सगळी सहा चौरस फुटांवर.

निवासी खोल्यांसाठी आयएस ८७५ ह्या भारतीय मानकात वापराचा भार चौरस मीटरला २ किलोन्यूटन धरलाय, म्हणजे ढोबळ २०० किलो. आपल्या टाकीखाली तोच आकडा आठशेच्या पुढे जातो. हे वाचून लगेच टाकी रद्द करायला नको. मानकातला भार अख्ख्या खोलीवर पसरलेला धरतात. दहा बाय बाराच्या खोलीला त्या हिशोबाने दोन टनांहून जास्त मिळतात आणि खोलीत तेवढं सामान सहसा नसतं. भार एकाच जागी साठतो, अडचण ही आहे. शिवाय शंभर वर्षांपूर्वीचा वाडा बांधताना हे मानक अस्तित्वातच नव्हतं, त्यामुळे तो त्यात बसतो की नाही हे कागदावरून कळत नाही, लाकूड बघूनच कळतं.

लाकूड बघायचं ते खालून. खालच्या बिऱ्हाडात जाऊन छताकडे पाहिलं की कड्या कोणत्या दिशेने गेल्यात ते दिसतं. टाकीची लांब बाजू कड्यांना आडवी यायला हवी, म्हणजे भार तीन-चार कड्यांवर वाटला जातो. कड्यांना समांतर ठेवली तर सगळं ओझं एकीच्या, फार तर दोघींच्या डोक्यावर. मग येतो तो नेहमीचा सल्ला, "भिंतीला लागून ठेवा." कडी वाकते ती मध्यावर, टोकाशी नाही, हे खरंच आहे. पण आपल्या पावसात जुन्या तुळईचं सगळ्यात कच्चं ठिकाण तिचं भिंतीत रोवलेलं टोकच असतं. ओल भिंतीतून येते, वाळवी भिंतीतून येते, आणि बाहेरून तुळई धडधाकट दिसत असताना आतलं टोक भुसा झालेलं असतं. दाभण किंवा स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सुरी लोण्यात शिरावी तसा गेला, तर भिंतीजवळ टाकी ठेवणं खोलीच्या मध्यभागी ठेवण्याहून वाईट.

आणखी एक चाचणी फुकटात होते. टाकी जिथे यायची तिथे जमिनीवर पाण्याने भरलेली स्टीलची वाटी ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी खोलीच्या मध्यावर टाचेवर धपकन उतरायला सांगा. पाणी जरासं थरथरून शांत झालं तर ठीक. काठावरून सांडलं तर त्या जमिनीवर तीन फुटांहून मोठी टाकी ठेवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. त्याची फी टाकीच्या किमतीपुढे फार वाटते खरी, पण खालच्या घराचं छत आपल्या खर्चात धरलं तर ती काहीच नाही.

जमीन भार पेलेल अशी खात्री झाली की मग उतार आणि पीळ.

उताराने काचेवर फरक किती पडतो ते आधी पाहू. पाणी ५५ सेंटिमीटर खोल असेल तर चार फुटी पुढच्या काचेवर साधारण १८५ किलोचा रेटा असतो. हा आकडा पाण्याच्या खोलीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. समजा टाकी लांबीत एक सेंटिमीटर कलली. मग खालच्या टोकाला पाणी अर्धा सेंटिमीटर जास्त खोल होतं आणि तिथला रेटा दोनेक टक्क्यांनी वाढतो. बस्स. नीट बांधलेली टाकी एवढं सहज सहन करते. दिसायला वाईट, पण धोका नाही.

पुढे-मागे उतार असेल तर मात्र जरा जास्त काळजी घ्यावी. रुंदी दीडच फूट आणि स्टँड धरून उंची साडेचार फूट. जमिनीवर पुढे-मागे एक सेंटिमीटरचा फरक असेल तर टाकीचा वरचा काठ तीन सेंटिमीटर पुढे झुकतो. एवढ्याने टाकी पडत नाही, पण पुढच्या पायांवरचा भार वाढतो, तिथलं लाकूड जास्त दबतं, आणि दबलं की आणखी झुकतं.

पिळाचं गणित वेगळं. तीन पाय कुठेही ठेवा, तिन्ही टेकतात. चौथा पाय आला की तो तिन्हींच्या पातळीत असेलच असं नाही. हॉटेलातलं टेबल डगमगतं ते ह्याच कारणाने, आणि वेटर कागदाची घडी घालतो तीही एकाच पायाखाली. रिकामा स्टँडही असाच डगमगतो. पण पाचशे किलो वर चढले की डगमगणं थांबतं, आणि लोकांना वाटतं, "बसला." तो बसलेला नसतो. वजनाने स्टँडची चौकट मुरडून चौथा पाय जमिनीला टेकवलेला असतो. ती मुरड वर प्लायमध्ये जाते, प्लायमधून तळाच्या काचेत.

काच दाबाला जबरदस्त आहे आणि ताणाला नाजूक. तिच्या कापलेल्या कडेवर बारीक ओरखडे असतातच. ताण आला की तडा तिथून सुरू होतो, आणि तो एका झटक्यात आरपार जाईलच असं नाही. ताणाखालच्या तड्याच्या टोकाशी ओलावा पोचला की काचेच्या आतले बंध एकेक करून सुटत जातात आणि तडा हळूहळू सरकतो. म्हणूनच बसवून तीन महिने झालेली, कुणी हात न लावलेली टाकी एका रात्री फुटते आणि दोष काचेवर किंवा सिलिकॉनवर जातो.

तेव्हा पीळ मोजायचा. त्याला महागडं काही लागत नाही. गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप पाच-सहा मीटर घ्या. पाण्यात चिमूटभर नीळ टाकली तर रेघ स्पष्ट दिसते. पाइपमध्ये पाणी भरताना एक टोक बादलीत बुडवून दुसऱ्याने ओढून घ्यावं, म्हणजे बुडबुडे कमी राहतात. एकही बुडबुडा राहिला तर सगळी मापं खोटी, म्हणून पाइप उजेडात धरून बोटाने टिचक्या मारत पूर्ण तपासा. आता भिंतीवर जमिनीपासून अंदाजे अडीच-तीन फुटांवर पेन्सिलीने एक रेघ. एका माणसाने पाइपचं एक टोक त्या रेघेशी धरायचं. दुसऱ्याने दुसरं टोक घेऊन स्टँडचा पाय जिथे येणार, बरोब्बर तिथे उभं करायचं आणि इतकं वर-खाली करायचं की भिंतीकडचं पाणी रेघेवर येऊन थांबेल. पाणी थोडा वेळ हेलकावे खातं, घाई करू नये. थांबलं की आपल्या हातातल्या टोकाच्या पाण्यापासून जमिनीपर्यंत टेपने माप घ्यायचं. असं चारही पायांच्या जागी. लेझर लेव्हल मिळाली तर हेच काम एकटा माणूस चटकन करतो. मोबाइलमधलं ॲप तसबीर टांगण्यापुरतं.

समजा मापं अशी आली: मागचा डावा ८१२ मिमी, मागचा उजवा ८१५, पुढचा डावा ८१८, पुढचा उजवा ८२७. माप जितकं जास्त, तितकी जमीन तिथे खाली. आता समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या बेरजा करा. मागचा डावा आणि पुढचा उजवा मिळून १६३९. मागचा उजवा आणि पुढचा डावा मिळून १६३३. चौकोन सपाट असेल, मग तो कितीही कललेला असो, तर ह्या दोन बेरजा सारख्या यायला हव्यात. इथे ६ मिमीचा फरक आहे, तोच पीळ. नुसता उतार असता तर पुढच्या उजव्या कोपऱ्याचं माप ८२१ आलं असतं. ते ८२७ आहे, म्हणजे तो कोपरा बाकी तिघांच्या पातळीपासून ६ मिमी खाली गेलाय.

दुरुस्तीही ह्याच मापांतून निघते. सगळ्यात उंच जागा मागचा डावा कोपरा, तो तसाच ठेवायचा. मागच्या उजव्या पायाखाली ३ मिमी, पुढच्या डाव्याखाली ६, पुढच्या उजव्याखाली १५. उतार आणि पीळ दोन्ही एकदम गेले. लोखंडी स्टँड नवाच बनवून घेणार असाल तर फॅब्रिकेटरला सांगून पायांच्या तळाशी नट वेल्ड करून त्यात जाड बोल्ट घालून घ्या. पान्याने फिरवून सूतभर वर-खाली करता येतं. आठ सूत म्हणजे एक इंच, त्यामुळे सुताराशी बोलणंही सोपं जातं. चारच पायांचा स्टँड घ्यावा असं माझं मत. मधे आणखी दोन पाय दिले की मजबुती वाढल्यासारखी वाटते, पण वाकड्या जमिनीवर सहा पाय एका पातळीत आणणं डोकेदुखी असते आणि मधले दोन्ही अनेकदा नुसते शोभेला लोंबकळत राहतात. चार फुटांपर्यंत वरचा अँगल दमदार घेतला की मधल्या पायांची गरज लागत नाही.

बोल्ट नसतील तर पायाखाली सारण, म्हणजे फट भरायला सरकवलेले टणक तुकडे. इथे सनमायकाचे तुकडे अप्रतिम काम करतात. साधारण एक मिमी जाडीचे, टणक, दबत नाहीत, आणि कुठल्याही फर्निचरवाल्याकडे कचऱ्यात पडलेले असतात. मोठी जाडी असेल तर लोखंडी पट्टी किंवा सागवानी ठोकळा खाली, आणि शेवटचे दोन-तीन मिमी सनमायकाने. पुठ्ठा, रबर, घडी केलेला कागद, मऊ प्लायचा तुकडा ह्यांतलं काहीही नको. पाणी सांडतंच, पुठ्ठा भिजतो, आणि हिशोब पुन्हा पहिल्यापासून. लाकडी पाचर वापरलीच तर दोन पाचरी उलटसुलट एकमेकींवर, म्हणजे पायाचा पूर्ण तळ टेकतो. एकटी पाचर एका कडेवरच भार घेते.

पायाखाली पत्राही हवा. चौकोनी पोकळ पाइपचा पाय १२० किलो भार जेमतेम दीड इंचाच्या जागेवर आणतो, तोही पाइपच्या पातळ कडांवरून. जुनी मोझॅक लादी तिथेच तडकते. चार बाय चार इंचाची सहा मिमी लोखंडी प्लेट प्रत्येक पायाखाली घातली की प्रश्न मिटतो. कडीपाटावर त्याहून चांगला उपाय म्हणजे पुढच्या दोन पायांखाली एक आणि मागच्या दोन पायांखाली एक अशी सहा इंच रुंद, जाड सागवानी फळी. फळीच्या खालची फट मात्र जागोजागी भरून घ्यायची, नाहीतर फळीच धनुष्यासारखी वाकते.

प्लायचं कॅबिनेट असेल तर गोष्ट थोडी बदलते. त्याला पाय नसतात, बाजू सबंध जमिनीला टेकतात. मग आधी लेव्हल करून, सहा-सहा इंचांवर सारण घालून, राहिलेल्या फटीत न आकसणारं ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ माल, भरावं. खाली प्लॅस्टिक अंथरलं की ते लादीला चिकटत नाही आणि घरमालकाशी वाद होत नाही.

आता थर्माकोलकडे. त्याची जागा टाकी आणि स्टँड ह्यांच्या मधे, आणि काम एवढंच की वाळूचा एखादा कण, प्लायची फुगी, वेल्डिंगचा बारीक उंचवटा काचेला टोचू नये. मिलिमीटरभराची चूक तो पोटात घेतो. पाच मिमीचा पीळ त्याला पेलत नाही, उंच बाजूला तो चपटा होतो आणि सखल बाजूला काच अधांतरी. म्हणून सारण नेहमी स्टँडखाली, टाकीखाली कधीही नाही. टाकीखाली एका कोपऱ्यात सनमायकाचा तुकडा सरकवला तर लेव्हल दिसायला बरोबर येते आणि काच एका बिंदूवर तोलली जाते. ज्या टाक्यांना तळाशी प्लॅस्टिकची चौकट असते त्यांचा भार कडांवरूनच उतरतो, तळाची काच मुद्दाम वर उचललेली असते. अशा टाकीखाली थर्माकोल घातला तर तो तळाच्या काचेला खालून रेटू शकतो, तेव्हा बनवणाऱ्याने सांगितलंय तसंच करा.

टाकी चढवायच्या आधी स्टँडच्या वरच्या अंगाला सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्या दिशांनी लावून बघायची. वेल्डिंगच्या उष्णतेने अँगल वाकतो, आणि जमीन एकदम बरोबर करून स्टँडच वाकडा निघाला असं पुष्कळदा होतं. उंचवटा असेल तर ग्राइंडर मारून घ्या.

भरताना पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण असे टप्पे घ्या. ह्यापुढे लेव्हल पाइपची गरज उरत नाही, टाकीतलं पाणीच सगळ्यात अचूक लेव्हल आहे. प्रत्येक टप्प्यावर पंप बंद करून चारही कोपऱ्यांत काचेच्या वरच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा आणि कोपऱ्यावर चिकटपट्टी लावून त्यावर लिहून ठेवा. इथेही तीच तिरकी बेरीज करायची. स्थानिक कारागिराने हाताने बांधलेल्या टाकीत काच एखाद मिमी कमी-जास्त कापलेली असू शकते, म्हणून पहिल्या टप्प्याचा फरक हा टाकीचा स्वभाव समजायचा आणि पुढे तो बदलतो का तेवढं पाहायचं. पाव टाकीला फरक १ मिमी होता आणि पूर्ण भरल्यावर ३ झाला, तर टाकी पिळवटतेय. पाणी काढा, स्टँड पुन्हा बघा. दोन्ही बेरजा बरोबर आणि सगळी टाकी मिळून तीन-चार मिमी एका बाजूला गेली असेल, तर मी तरी तिला हात लावणार नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, आठवड्याने पुन्हा, आणि लाकडी जमीन असेल तर पावसाळा सुरू झाल्यावर एकदा. सतत भाराखाली लाकूड संथपणे वाकत राहतं, पहिल्या काही आठवड्यांत जास्त, मग कमी. शिवाय ओल धरून फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं.

भरलेली टाकी कललेली आढळली की घरातला एखादा धडधाकट भाऊ गाडीचा जॅक घेऊन येतो, "जरासं उचलतो, तू तुकडा सरकव." त्याला चहा देऊन बसवा. एक कोपरा उचलणं म्हणजे जो पीळ आपण इतक्या मेहनतीने काढला तो मुद्दाम घालणं, तेही भरल्या वजनावर. मासे टाकीतल्याच पाण्यासह टबात, फिल्टरमधला स्पंज त्याच पाण्यात ओला ठेवायचा, वाळू-दगड काढायचे, आणि तळ दिसेपर्यंत पाणी उपसायचं. तळाला चार इंच पाणी राहिलं तरी ते ५५ किलो असतं आणि टाकी उचलताना एका बाजूला धावतं. रिकामी टाकी चौघांनी खालून धरून उचलावी, वरच्या काठाला धरून कुणीही नाही.